पानावर कोणीं कोठें बसावें



आमच्या लहानपणीं लग्नाच्या पंगतींत एक गृहस्थ हातांत कांहीं नसतांनाहि सर्वांत अधिक गुंतलेले दिसत. ते वाढीत नसत, पाणी घालीत नसत. कोणास कोणत्या पाटावर बसवावयाचें, एवढेंच ते पाहत. व्याही समईजवळ, गांवचे वृद्ध त्यांच्या शेजारीं, आणि दूरचे भाचे-पुतणे खांबाआड. जिलबी कशी झाली होती हें पुढें कोणाच्या लक्षांत राहत नसे; पण आपल्याला खांबाआड बसविलें होतें, हें वीस-वीस वर्षें कोणी विसरत नसे. वर्तमानपत्राच्या पानावर मजकुराची पंगत बसविणारा असाच एक माणूस असतो, आणि सांप्रत संगणकावर जीं संकेतस्थळें आपण पाहतों त्यांच्या पानांमागेंहि तो असतो. आज त्याच्या कामाचा थोडासा इतिहास सांगावयाचा आहे. एका शाळामास्तरानें हा विषय कां निवडावा, याला एक खाजगी कारण आहे. तें ओघानें येईल.

या धंद्यांतला आपला मुख्य शब्द ‘सदर’. तो मूळचा अरबी; छाती, पुढचा भाग, मानाची जागा असे त्याचे अर्थ. जेथें बसून कारभारी गाऱ्हाणीं ऐकत व निवाडे देत ती सदर. किल्ल्यावर गेलेल्या प्रत्येकानें एखाद्या ओसाड जोत्यावर उभें राहून ‘येथें सदर होती’ हें वाक्य ऐकलेलें असतें. सदरेवर माणसें येत आणि जात. जागा मात्र ठरलेली राही. वर्तमानपत्रांत येतांना या शब्दाचें लिंग बदललें, ‘ती सदर’चें ‘तें सदर’ झालें, पण गुण गेला नाहीं. ठरलेल्या नांवाची, ठरलेल्या ठिकाणची जागा. आंतील मजकूर दर अंकीं नवा. संगणकवाले तिला मॉड्यूल म्हणतात, ब्लॉक म्हणतात. मी चौकट म्हणेन. वस्तु तीच आहे.

मराठींतील पहिलें वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनीं तें ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस काढलें. प्रथम पाक्षिक आणि थोड्याच महिन्यांनीं साप्ताहिक झालेलें हें पत्र १८४० पर्यंत चाललें. त्याच्या पानाची मांडणी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पानास दोन उभे रकाने. एकांत इंग्रजी मजकूर आणि त्याच्याच शेजारीं मराठी. साहेबास एतद्देशीयांचें मन कळावें आणि एतद्देशीयांस नवी विद्या कळावी, असा दुहेरी हेतु. पेशवाई बुडून अवघीं चौदा वर्षें झालीं होतीं. राज्य इंग्रजांचें, इंग्रजी ही दरबाराची भाषा. अशा वेळीं मराठी मजकूर इंग्रजीच्या खालीं, तळाशीं टाकला असता तरी कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. पण तो खालीं गेला नाहीं; शेजारीं बसला. ‘शेजारीं’ आणि ‘खालीं’ या दोन शब्दांतलें अंतर मला स्वतःला फार उशिरां कळलें.

‘दर्पणा’नंतर १८४१ सालीं भाऊ महाजनांचें ‘प्रभाकर’ निघालें. १८४८ पासून त्यांत ‘लोकहितवादी’ या टोपणनांवानें गोपाळ हरि देशमुखांचीं पत्रें येऊं लागलीं, तीं १८५० पर्यंत. संख्या १०८ भरली, तरी नांव ‘शतपत्रें’च पडलें. हे देशमुख पुढें कांहीं काळ आमच्या नाशकास न्यायाधीश होते. त्यांचीं मतें त्या काळच्या पुष्कळ वाचकांस काढ्यासारखीं कडू लागलीं असणार. परंतु तीं एकाच सहीखालीं अंकामागून अंक येत राहिलीं, म्हणून रागावलेला वाचकहि पुढचा अंक हातीं येतांच प्रथम तींच शोधीत असला पाहिजे. तींच पत्रें कधीं येथें, कधीं तेथें, निनांवी विखुरलीं असतीं तर वाचून विसरलीं गेलीं असतीं. सदरानें वाचकाच्या डोळ्यांस एक वळण लागतें, तें असें.

हें वळण लावण्याचें काम हातांनीं कसें होई, तें मीं रविवार कारंजाजवळच्या एका लहान छापखान्यांत पाहिलें. तेथें एक स्थानिक साप्ताहिक छापलें जाई. शाळा सुटली कीं मी दारांत जाऊन उभा राहत असें; मालकांनीं कधीं हाकललें नाहीं. जुळारी खणाखणांच्या केसेंतून एकेक खिळा उचली आणि डाव्या हातांतील पट्टींत उलटा लावी. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, वर जोडाक्षरें. इंग्रजीचें काम थोड्या खणांत भागे, आपल्याला कित्येक शें खण लागत. टिळकांसारख्या पुरुषानें हे खिळे कमी कसे होतील या खटपटींत आपला वेळ घातला, तो उगाच नव्हे. ओळी जुळल्या कीं गॅलींत, गॅलींतून लोखंडी चौकटींत, आणि मग लाकडी पाचरी ठोकून सबंध पान आवळावयाचें. आवळलेल्या त्या चौकटींत एक ओळ अधिक मावत नाहीं. रात्रीं उशिरां एखादी निधनवार्ता आली तर पाचर सैल करून कांहीं तरी उचलून बाहेर ठेवावेंच लागे. काय ठेवावें? जुळारी मालकांकडे पाही, मालक छताकडे पाहत. एकदां असें बाहेर निघालें तें बाजारभावाचें सदर. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांद्याचे दोन शेतकरी छापखान्याच्या पायरीवर येऊन बसले होते. मालकांनीं त्यांना चहा पाजला आणि भाव तोंडीं सांगितले.

मोठ्या पत्रांतहि हाच प्रश्न; फक्त पाचरी मोठ्या. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला आणि त्याच्या दोन दिवस आधीं इंग्रजी ‘मराठा’. ‘दर्पणा’चे शेजारचे दोन रकाने जणूं तुटून दोन स्वतंत्र पत्रें झालीं. १८८८ सालीं आगरकरांनीं ‘सुधारक’ काढला तेव्हां दोन्ही भाषा पुन्हा एका पत्रांत आल्या, आणि इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं सांभाळली. या पिढीनें मराठी माणसाला अग्रलेख वाचावयास शिकविलें. अग्र म्हणजे टोंक. सर्वांच्या पुढें असेल तो अग्रलेख. आज तो पहिल्या पानावर नसतो, आंतल्या पानावर असतो, तरी नांव सुटलेलें नाहीं. जुन्या वाड्यांत दिवाणखान्याचें कोठार झालें तरी घरचे त्याला दिवाणखानाच म्हणतात, तसें. मत आंत आणि बातमी पुढें, हा फेरबदल आपल्याकडे हळूहळू झाला. पुण्यास १ जानेवारी १९३२ रोजीं ‘सकाळ’ काढणारे डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकून आले होते. गांवची, गल्लीची बातमीहि चांगल्या जागेची धनी आहे असें मानून त्यांनीं पानें लावलीं. नाशकांत १९३८ सालीं दादासाहेब पोतनीसांनीं जें पत्र काढलें त्याचें नांवच ‘गांवकरी’.

याच्या उलट लंडनचें ‘टाइम्स’ पाहा. त्याचें पहिलें पान ३ मे १९६६ पर्यंत लहान लहान जाहिरातींनीं भरलेलें असे. राजे गेले, दोन महायुद्धें झालीं, बातमी आंतच. सवयीचा वाचक पान उलटूनच वाचावयास बसे व त्याला त्यांत कांहीं गैरसोय वाटत नसे. यावरून मीं असा एक सिद्धान्त बांधला होता कीं वाचकाला वरची जागा नको असते, ठरलेली जागा हवी असते. सिद्धान्त अर्धाच खरा होता. कोणत्या अर्ध्यांत मी फसलों, तें पुढें येईल.

तत्पूर्वीं, ज्यांना पानावर जागाच नव्हती त्यांची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजीं निघालें. त्याची जाहिरात पैसे देऊनहि ‘केसरी’नें घेतली नाहीं, असें बाबासाहेबांनीं पुढें नमूद केलें आहे. जाहिरातीची जागा म्हणजे कांहीं समईजवळचा पाट नव्हे. ती ओसरीवरची जागा. तीहि मिळाली नाहीं. मग त्यांनीं आपलें पान आपण लावलें. ‘मूकनायका’च्या शिरोभागीं तुकोबांची वाणी घातली, आणि ३ एप्रिल १९२७ रोजीं निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागीं ज्ञानोबांची. मराठी संतांस कोणी आपल्या ओसरीवरून उठवूं शकत नव्हता, हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें. ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस-चोवीस रकाने त्यांना बहुतांशीं एकट्यानें लिहून काढावे लागत. ज्यांनीं कधीं एखादें सदर नियमानें भरलें आहे त्यांनाच यांतले कष्ट कळतील.

नाशिककरांनीं येथें दोन तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजीं सुरूं झाला. ‘बहिष्कृत भारत’ त्यापूर्वींच, १९२९ च्या नोव्हेंबरांत, बंद पडलें होतें. आणि ‘जनता’ निघालें तें २४ नोव्हेंबर १९३० रोजीं. म्हणजे दादासाहेब गायकवाडांसारख्या पुढाऱ्यांच्या मागें आमच्या गांवांत हजारों माणसें मंदिराच्या चारी दारांशीं उभीं राहिलीं, त्या पहिल्या आठ-नऊ महिन्यांत या दोन्ही पत्रांचें पान त्यांच्या हातीं नव्हतें. त्यांची बातमी कोणत्या रकान्यांत, कोणत्या मथळ्याखालीं आणि कितव्या पानावर जावी, हें ठरविणारे दुसरे होते. जुन्या फाइली चाळतांना मी तारखेइतकेंच पृष्ठांकाकडेहि पाहतों, तें यामुळें.

क्रमाचा तंटा मिटविण्याचा एक सोपा उपाय म्हणजे अकारविल्हे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं ज्ञानकोशाचे पहिले पांच खंड विषयवार लाविले आणि पुढें अकारविल्हे धरलें. विषयवार लावण्यांत लावणाऱ्याचें मत दिसतें. अकारविल्हे लावण्यांत कोणाचा मान राहत नाहीं आणि अपमानहि होत नाहीं. पण रोजच्या पानाला तें कामाचें नाहीं. ‘अपघात’ नेहमींच माथ्यावर आणि ‘हवामान’ नेहमींच तळाशीं गेलें असतें.

आतां संगणकाकडे वळूं. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली; आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें. पहिलीं पानें हातानेंच लिहीत. खालचा मजकूर वर न्यावयाचा तर तो कापून पुन्हा चिकटवावा लागे. जुळाऱ्याचेंच काम, फक्त बोटें काळीं होत नसत. मग मजकूर निराळा आणि त्याची जागा निराळी ठेवणाऱ्या प्रणाली निघाल्या. ड्रूपल २००१ सालची, वर्डप्रेस २००३ सालची. यांतली किल्ली एवढीच कीं लेख एका कोठारांत राहतात. पानावर नुसत्या चौकटी असतात, आणि कोणत्या चौकटींत कोठारांतलें काय यावें तें सांगून ठेवलेलें असतें. शिक्षण, क्रीडा, सूचना अशा एकेका विभागाचें पान म्हणजे अशा दहावीस चौकटींची रांग. ड्रूपलांत प्रत्येक चौकटीस ‘वजन’ देतात. ज्याचें वजन कमी तें वर तरंगतें, जड असेल तें तळाशीं जातें. हें प्रथम ऐकलें तेव्हां मला हंसूं आलें, कारण पंगतींत याच्या नेमकें उलट असतें. वर्डप्रेसांत २००७ पासून बाजूच्या चौकटी सहज वर-खालीं हलविण्याची सोय मूळ प्रणालींतच आली, आणि २०१८ च्या डिसेंबरांत सबंध पान ठोकळ्या-ठोकळ्यांनीं रचण्याची. या नव्या सोयीला त्यांनीं नांव दिलें ‘गुटेनबर्ग’, त्या जुन्या जर्मन मुद्रकाचें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरूं झाला. तेथेंहि मुखपृष्ठावरच्या लेखाला ‘सदर’ हाच शब्द लावला गेला.

अलीकडे कांहीं ठिकाणीं पंगत बसविणारा माणूसच उठला आहे. प्रत्येक वाचकासाठीं यंत्रच निराळी पंगत लावतें, आणि माझ्या शेजाऱ्याच्या पानावर आज वर काय होतें तें मला कळत नाहीं. पण त्यासाठीं दुसरें भाषण लागेल.

माझ्या मतें खरा फरक पडला तो पाचरी गेल्यामुळें. लोखंडी चौकटींत जागा संपे, म्हणून कांहीं तरी बाहेर काढावें लागे, आणि काढणाऱ्याला त्याची टोंचणी असे. संगणकाच्या पानाला तळ नाहीं. कांहींच बाहेर काढावें लागत नाहीं, म्हणून कोणी कांहीं काढीत नाहीं. सगळें फक्त खालीं सरकतें. बाहेर काढलेल्या भावासाठीं शेतकरी पायरीवर येऊन बसले. खालीं सरकलेल्या मजकुरासाठीं कोणी भांडावयास येत नाहीं, कारण तो छापलेला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. तो तेथें आहेच.

आतां माझी गोष्ट. निवृत्तीनंतर माजी विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संस्थेनें आपल्या संकेतस्थळाचें काम माझ्यावर सोंपविलें. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष माझा होता. माझा एक जुना विद्यार्थी शनिवारीं येऊन मला चौकटी ओढावयास शिकवी. मी मॅट्रिक, त्यापुढचें पुष्कळसें शिक्षण मीं विद्यार्थ्यांकडूनच घेतलें आहे. ‘विद्यार्थी-साहाय्य’ या विभागाचें पान मीं लावलें तें असें: डाव्या रुंद रकान्यांत संस्थापकांची तसबीर, अध्यक्षांचें मनोगत, देणगीदारांची यादी आणि समारंभाचीं छायाचित्रें, उजव्या अरुंद रकान्यांत, अगदीं माथ्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना व शेवटची तारीख. समितीच्या बैठकींत तें मोठ्या पडद्यावर दाखविलें. डावीकडे संस्थापक, उजवीकडे शिष्यवृत्ति. दोघे शेजारीं, एका उंचीवर. सर्वांनीं वाहवा केली. मला तर ‘दर्पण’च आठवला.

तारीख उलटून आठ दिवस झाल्यावर पंचवटींत भाजीचा गाळा चालविणारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन घरीं आली. मुलगी बारावी उत्तीर्ण, गुण चांगले. संस्थेचें पान तिनें तीनदां उघडून पाहिलें होतें, मोबाइलवर. तो मोबाइल आईनें माझ्यापुढें धरला. त्याची काच केवढी? हाताच्या पंजाएवढी. तिच्यांत दोन रकाने शेजारीं मावत नाहींत. तेव्हां यंत्र काय करतें, डावा रकाना सगळा आधीं दाखवितें, आणि तो संपल्यावर त्याच्या खालीं उजवा. पडद्याच्या रुंदीप्रमाणें पान असें आपोआप बदलावें, ही रीत २०१० सालीं ईथन मार्कॉट यांनीं मांडली आणि ती आतां सर्वत्र आहे. रीत चांगली आहे. पण शेजारीं बसलेल्या दोघांपैकीं जागा नसतां कोणाला आधीं बसवावयाचें, हें पान लावणाऱ्यानें सांगून ठेवावें लागतें. मीं तें सांगितलें नव्हतें. मी बोटानें पान वर सारूं लागलों. संस्थापक गेले, अध्यक्ष गेले. देणगीदारांचीं नांवें संपतां संपेनात. मग समारंभ, हार-तुरे, सत्कार. सूचना दिसली तेव्हां बोट आंखडून आलें होतें. मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही लिहिलं होतं ना? मग मला दिसलं कसं नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ‘टाइम्स’चा वाचक आयुष्यभराचा होता, कोणतें पान उलटावयाचें तें त्याला ठाऊक होतें. ही मुलगी आयुष्यांत एकदां, एका कामासाठीं, परक्या दारांत आली होती. तिला माझ्या ठरलेल्या जागा कशा ठाऊक असणार? मीं समितीकडे मुदत वाढवून मागितली. त्या वर्षाची रक्कम वांटली गेली होती. तिच्या आईनें फी कर्ज काढून भरली.

त्याच रात्रीं मीं पान उकललें. सूचनेची चौकट सर्वांच्या वर, सबंध रुंदीची केली. तारीख मथळ्यांतच घातली. तिच्याखालीं अर्ज, मग लागणारे दाखले, मग भेटण्याची वेळ. संस्थापकांची तसबीर त्याच्या खालीं ठेवली. देणगीदारांची यादी निराळ्या पानावर नेली. पुढच्या बैठकींत यावर तासभर चर्चा झाली, आणि ‘संस्थापकांच्या डोक्यावर अर्ज’ हा शब्दप्रयोग दोन सभासदांनीं केला. संस्थापक स्वतः असते तर त्यांनीं काय म्हटलें असतें, याविषयीं प्रत्येकाचें मत निराळें पडलें. शेवटीं मीं तो मोबाइलचा प्रकार सर्वांना बोटानें करून पाहावयास लाविला; तिसऱ्या सभासदापर्यंत विरोध संपला. आतां कोणतेंहि पान लावलें कीं मी तें आमच्याकडे धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंच्या मोबाइलवर उघडून पाहतों. त्याची काच तडकलेली आहे, तरी काम होतें.

मुलगी पुढच्या वर्षीं पुन्हा आली आणि तिला शिष्यवृत्ति मिळाली; पहिल्या वर्षाचें कर्ज मात्र तिच्या आईलाच फेडावें लागलें. देणगीदारांपैकीं एक गृहस्थ, अत्यंत सज्जन, या फेरबदलानंतर तीन महिने माझ्याशीं बोलले नाहींत. मग एके दिवशीं सकाळीं भद्रकालीच्या बाजारांत समोरासमोर आले. “मास्तर, आम्हांला खांबाआड बसवलंत,” एवढेंच म्हणाले, आणि कोथिंबिरीची जुडी पिशवींत टाकून पुढें चालूं लागले.